विश्लेषण : शिकागो बेअर्सचा सर्वोत्तम ‘रनिंग बॅक’ कोण? पेटननंतरचा क्रमांक ठरवणे अवघड का?

अमेरिकन फुटबॉलमधील जुन्या संघांच्या चाहत्यांमध्ये सर्वोत्तम ‘रनिंग बॅक’ कोण, यावरून कायम वाद झडतात. १९२० पासून एनएफएलमध्ये असलेल्या शिकागो बेअर्सच्या बाबतीत मात्र पहिल्या क्रमांकावर फारसे दुमत नाही. तो मान वॉल्टर पेटनचा. खरी अडचण दुसऱ्या क्रमांकापासून सुरू होते. केवळ ६८ सामने खेळलेल्या गेल सेयर्सला तो द्यायचा, की आठ मोसम इमानेइतबारे राबलेल्या मॅट फोर्टेला?

रनिंग बॅक काय करतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हाती देतो. तो घेऊन समोरच्या गर्दीत घुसायचे, हे याचे काम. एका धावेत सरासरी चार यार्ड मिळाले तरी कामगिरी चांगली मानतात. जवळपास प्रत्येक धावेचा शेवट कुणीतरी अंगावर येऊन आपटण्यात होतो. त्यामुळे या जागेवरच्या खेळाडूची कारकीर्द बहुधा छोटी असते आणि एकूण यार्डांचा आकडा हा कौशल्याइतकाच शरीर किती टिकले याचाही हिशेब असतो.

पेटनबद्दल वाद का नाही?

कारण तो दोन्ही हिशेबांत बसतो. १९७५ ते १९८७ या १३ मोसमांत त्याने ३,८३८ वेळा चेंडू घेऊन १६,७२६ यार्ड काढले. म्हणजे प्रत्येक धावेमागे सुमारे ४.४ यार्ड. १९८४ मध्ये त्याने जिम ब्राऊनचा १२,३१२ यार्डांचा विक्रम मोडला. पेटनचा विक्रम २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडेपर्यंत टिकला. इतका मार खाऊनही संपूर्ण कारकीर्दीत तो एकाच सामन्याला मुकला, तोही पहिल्या मोसमात. नोव्हेंबर १९७७ मध्ये फ्लूने अंग मोडून आलेले असताना मिनेसोटाविरुद्ध त्याने एका सामन्यात २७५ यार्ड काढले. हा विक्रमही २००० पर्यंत अबाधित होता.

त्याची खासियत अशी, की मैदानाबाहेर पाऊल टाकून धडक टाळता येत असतानाही तो अनेकदा बचावपटूच्याच अंगावर जाई. झेल घेणे, साथीदारासाठी वाट अडवून धरणे, प्रसंगी स्वतः चेंडू फेकणे, सगळे त्याने केले. एक सल मात्र राहिली. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये बेअर्सने न्यू इंग्लंडला ४६-१० असे धुतले, पण पेटनच्या नावावर एकही टचडाउन लागला नाही. गोल रेषेजवळ चेंडू दिला गेला तो विल्यम पेरी या अगडबंब बचावपटूला. प्रशिक्षक माइक डिटका यांनी पुढे याची खंत बोलून दाखवली.

सेयर्सचे ६८ सामने किती मोजायचे?

यादी इथे अडते. कारकीर्दीत ४,९५६ यार्ड, म्हणजे पेटनच्या एक तृतीयांशही नाहीत. पण या बेरजेने सेयर्स कळत नाही. १९६५ च्या पहिल्याच मोसमात त्याने १४ सामन्यांत २२ टचडाउन केले. त्यातले सहा डिसेंबरमध्ये एकाच दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, चिखल झालेल्या मैदानावर. इतर घसरत असताना तो त्याच चिखलात दिशा बदलत होता.

त्याच्या कारकीर्दीची दोन भागांत फोड केली की चित्र स्पष्ट होते. १९६८ च्या मोसमात नऊ सामन्यांत त्याने ८५६ यार्ड काढले होते, दर धावेमागे ६.२ यार्ड. नवव्या सामन्यात उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. त्या काळी ही शस्त्रक्रिया म्हणजे गुडघा उघडून शिवणे. आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि शिस्तशीर पुनर्वसन तेव्हा नव्हते. तरीही १९६९ मध्ये तो परतला आणि १,०३२ यार्ड काढून लीगमध्ये अव्वल ठरला, तेही १४ पैकी एकच सामना जिंकलेल्या संघाकडून. फक्त सरासरी ६.२ वरून ४.४ वर आली होती. अव्वल ठरलेला हा धावपटू आधीचा सेयर्स नव्हता, हे त्या एका आकड्यात दिसते. १९७० मध्ये दुसरा गुडघा गेला आणि त्या आणि त्यापुढच्या मोसमात मिळून तो चारच सामने खेळू शकला. १९७७ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले गेले. इतक्या लहान वयात हा मान आजवर कुणालाही मिळालेला नाही.

मग फोर्टे, नागुर्स्की कुठे?

फोर्टेने २००८ ते २०१५ दरम्यान बेअर्ससाठी ८,६०२ यार्ड काढले. संघाच्या यादीत पेटननंतर तोच. २०१४ मध्ये त्याने १०२ झेल घेतले, रनिंग बॅकसाठी तेव्हाचा विक्रम. सामन्यामागे यार्ड काढले तर सेयर्सचे ७३ आणि फोर्टेचे ७२ भरतात. या मोजपट्टीवर दोघे शेजारी येतात आणि म्हणूनच ती अपुरी वाटते. सेयर्सचे किक परतवणे त्यात येत नाही आणि फोर्टेचे झेलही येत नाहीत. फोर्टेवर नेहमी अन्याय होतो तो त्याच्या काळात संघ सामान्य होता म्हणून. पण बचाव करणाऱ्यांनी आपली आखणीच बदलावी असा धाक सेयर्सचा होता, फोर्टेचा नव्हता. दुसरा क्रमांक सेयर्सचाच.

ब्रॉन्को नागुर्स्कीचे गणित तर मांडताच येत नाही. तो १९३० मध्ये संघात आला, लीगची अधिकृत आकडेवारी १९३२ पासूनची. शिवाय तो आक्रमणात आणि बचावात, दोन्हीकडे खेळायचा. १९३२ च्या निर्णायक सामन्यात त्याने रेड ग्रेंजकडे फेकलेला चेंडू नियमानुसार पुरेसा मागून होता का, यावर वाद झाला. पुढच्या वर्षी रेषेमागे कुठूनही चेंडू फेकण्याची मुभा देण्यात आली. १९३४ मध्ये बीटी फेदर्स एका मोसमात हजार यार्ड ओलांडणारा लीगमधील पहिला खेळाडू ठरला, तेव्हा त्याच्यापुढे वाट मोकळी करत होता तो नागुर्स्की. फेदर्सला पुढे कोणत्याही मोसमात त्याच्या निम्मेही यार्ड काढता आले नाहीत. तिसरी जागा नागुर्स्कीची, चौथी फोर्टेची. पाचव्या जागेसाठी १९५६ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक यार्ड काढणारा रिक कासारेस आणि पेटनची जागा घेण्याचे अवघड काम वाट्याला आलेला नील अँडरसन यांच्यात चुरस आहे. त्यात कासारेस किंचित पुढे.