कपाटाला कुलूप कशासाठी?

मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत, हिशेब आणि बटाटेवडे यांच्या बरोबर मध्ये, एक ठराव मांडला गेला. रविवारच्या मराठी शाळेत मुलांनी 'ती जपानी कार्टूनची पुस्तके' आणि पोकेमॉनची कार्डे आणू नयेत, आणि मंडळाच्या ग्रंथालयात अशा पुस्तकांचे जे एक कपाट आहे ते बंद करावे. कारण काय, तर मुलांना मराठीची गोडी लागत नाही ती या पुस्तकांपायी. वडे गार होत होते म्हणून मतदान पुढच्या सभेवर गेले. तेवढ्या अवधीत माझे म्हणणे या स्मरणिकेत मांडून ठेवतो. त्या कपाटातली निम्मी पुस्तके मीच दिलेली आहेत, तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही हे आधीच सांगितलेले बरे.

२००२ साली एम.एस. करायला ओहायोत आलो. सोमवार ते शुक्रवार डेटाबेस, आणि शनिवारी बॉर्डर्सच्या दुकानातल्या गालिच्यावर मांडी घालून फुकट वाचन. (हे दुकान २०११ साली बंद पडले, त्यात आम्हा फुकट्या विद्यार्थ्यांचा वाटा किती, देव जाणे.) त्याच वर्षी टोकियोपॉप या प्रकाशकाने जपानी चित्रकथा, म्हणजे मंगा, मूळच्यासारख्या उजवीकडून डावीकडे छापायला सुरुवात केली. एक भाग दहा डॉलरला एक सेंट कमी. मनातल्या मनात रुपये करून चार वेळा खाली ठेवायचा आणि पाचव्यांदा घ्यायचा, असा माझा संग्रह जमला. आज घरात तो सहा शेल्फांवर आहे. सौभाग्यवतींचे त्याबद्दलचे मत इथे छापण्याजोगे नाही.

पण खरे सांगायचे तर हे वेड ओहायोत लागलेले नाही. माझ्या वयाच्या सभासदांनी आठवून पाहावे. रविवारी सकाळी दूरदर्शनवरचा मोगली पाहायला आपण आंघोळ टाकून बसत होतो ना? ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ साली काढलेली. 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' हा १९९२ चा चित्रपट, जो आपण कौतुकाने मुलांना दाखवतो, तो युगो साको या जपानी माणसाच्या ध्यासातून झाला, आपले राम मोहन त्यात दिग्दर्शक होते. तेव्हा 'जपानी कार्टून'ने आपले मराठी बिघडल्याची तक्रार कुणाच्या आई-वडिलांनी केल्याचे मला तरी ऐकिवात नाही.

'कार्टून' या शब्दातच सगळी मेख आहे. एकदा कार्टून म्हटले की आत काय आहे ते उघडून बघायला नको. त्या कपाटात ओसामू तेझुका यांचे 'बुद्ध' आहे, इंग्रजीत आठ भाग. तेझुका डॉक्टरकी शिकलेले, पण हयातभर चित्रे काढली. 'बुद्ध' त्यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे काढले. सुरुवातीला सिद्धार्थ फारसा दिसतच नाही. दिसतो तो छाप्रा, जात लपवून वर चढू पाहणारा शूद्र मुलगा, आणि तत्ता, त्याच्याही खालचा, गावाबाहेरचा पोर. जातीने माणसाचे काय होते हे एका जपानी चित्रकाराने तिकडच्या पोरांना सांगितले. आपल्या रविवारच्या शाळेत गणपती, शिवाजी महाराज, दिवाळी सगळे होते. हा विषय कधी निघाला आहे का? माझ्या मुलीने मला पहिल्यांदा "बाबा, आपली जात कुठली? आणि ती असते तरी कशाला?" असे विचारले ते 'बुद्ध'चा पहिला भाग वाचून. तो तास मला जड गेला. तरी ते पुस्तक कुलपात जावे असे मला तेव्हाही वाटले नाही.

त्याच कपाटात केइजी नाकाझावांचे 'बेअरफूट गेन' आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. ही कथा १९७३ पासून आली ती 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात. जपानमध्येही कुलुपे लावणारे आहेत बरे का! मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने हे पुस्तक शाळांच्या ग्रंथालयात मुलांच्या हाती सहज पडू नये असा फतवा काढला होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते बाहेर आले, ओरड झाली, आणि त्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. उलट क्योतोत २००६ साली एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत मंगाचे संग्रहालय उघडले. तिथे भिंतीभर पुस्तके आहेत आणि मुले ती काढून बाहेर हिरवळीवर लोळत वाचतात.

आता मुख्य आरोपाकडे वळू: मराठीची गोडी. आमची कन्या चौदा वर्षांची आहे. मूळ पुस्तके वाचता यावीत म्हणून तिने हिरागाना ही जपानी लिपी तीन आठवड्यांत, कुणीही न सांगता शिकून घेतली. मराठी शाळेत ती सहा वर्षे जाते आणि अजून जोडाक्षराला अडते. यावरून ठराववाल्यांनी निष्कर्ष काढला की जपानीने मराठीची जागा खाल्ली. मी म्हणतो, सहा वर्षांत आपण तिला वाचायला काय दिले ते आधी काढून बघा. कमळ, बदक, आणि 'रमा पाणी आण'. मुलीचे डोके चौदाचे आणि हातातले पुस्तक सहाचे. कोण वाचेल? तुम्ही वाचाल?

जपान्यांनी हा पेच सोडवला आहे. त्यांची लिपी आपल्यापेक्षा कितीतरी अवघड. चिनी चित्राक्षरे दोन हजारांवर शिकावी लागतात. पण मुलांच्या मंगात अशा प्रत्येक अक्षराशेजारी त्याचा उच्चार सोप्या लिपीत बारीक छापलेला असतो. त्याला फुरिगाना म्हणतात. त्यामुळे सात-आठ वर्षांचे पोर आपल्या इयत्तेच्या पलीकडची गोष्ट वाचते. उरलेले चित्र सांगते. आणि गोष्ट अशा जागी थांबते की पुढच्या अंकाची वाट पाहावीच लागते. 'वन पीस' १९९७ ला सुरू झाले आणि त्याचे शंभराहून जास्त भाग निघाले. एवढी पाने कुणी सक्तीने वाचत नसते.

आणि गंमत अशी, की जपानी शिकताना या मुलीला मराठी आडवे आले नाही, कामी आले. 'वाताशी वा गाक्को नी इकिमासु' हे वाक्य तिने मला दाखवले: मी, शाळा-ला, जाते. शब्दांचा क्रम आपलाच, प्रत्ययही नामाच्या मागे. तिच्या अमेरिकन मैत्रिणी क्रियापद शेवटी ठेवताना धडपडतात, हिला काही विशेष वाटत नाही. त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म या क्रमाने जाते. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तिकडे पोचलेला आहे. मंगाच्या चौकटीत छाती 'दोकिदोकि' करते, आपल्याकडे ती धडधडते. शांततेलाही तिकडे 'शीऽऽन' असा आवाज आहे, आपल्याकडे रात्र किर्र होते. तिने एका रविवारी अशा मराठी शब्दांची यादी केली: लखलख, सळसळ, धस्स, गपगार, चुळबुळ. आजीला फोन करकरून चाळीस शब्द जमवले. मराठी शाळेत सहा वर्षांत असा गृहपाठ तिला कुणी दिला नव्हता.

एका बाबतीत मात्र मी ठराववाल्यांच्या बाजूला उभा आहे, आणि ते ठरावात नेमके नाही. फोनवरचे 'गाचा' खेळ. पैसे टाकायचे, आतून कोणते पात्र निघेल ते नशिबावर. नाव खेळणी देणाऱ्या नाण्याच्या यंत्रावरून आले आहे आणि वृत्ती मटक्याची आहे. यातला एक अतिलोभी प्रकार जपान सरकारनेच २०१२ साली बंद पाडला. मुलांचे फोन तपासायचेच तर ते तपासा. तसेच सगळे मंगा मुलांसाठी नसते हेही खरे. पण अमेरिकेत निघणाऱ्या पुस्तकांवर बहुधा मागच्या बाजूला वयोगट छापलेला असतो, आणि कपाटात काय ठेवायचे हे बघायला मंडळात वाचता येणारी माणसे आहेत. पुस्तक पालथे करण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतील.

आपल्याकडे चित्रकथांची परंपरा नाही असेही कुणी म्हणू नये. आपण 'चांदोबा'वर वाढलो. अमर चित्र कथेची कितीतरी पुस्तके पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढली. ग्रंथालयात आज ना चांदोबाचा जुना अंक आहे, ना मराठीतली अमर चित्र कथा. काय आहे? दिवाळी अंक, सात आत्मचरित्रे आणि पाककृती. ठराव मांडणाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत मुलांसाठी एक तरी मराठी पुस्तक या ग्रंथालयाला दिले असेल तर मला दाखवावे. सभेपुढे मी उपसूचना ठेवणार आहे: कपाट उघडे राहावे, आणि यंदा गणपतीच्या सजावटीतून तीनशे डॉलर काढून मराठी चित्रकथा मागवाव्यात. शिवाय शाळेच्या मोठ्या वर्गातल्या मुलांनी वर्षभरात मराठीत एक चित्रकथा काढावी; पुढच्या स्मरणिकेत तिला आठ पाने द्यावीत. त्या पानांच्या छपाईचा खर्च मी देतो.

दरम्यान 'बुद्ध'चा तिसरा भाग कपाटातून गेला आहे आणि वहीत कुणाची सही नाही. ज्यांनी नेला असेल त्यांनी वाचून परत करावा. चौथ्यासाठी दोन मुले थांबली आहेत, आणि तिसरा वाचल्याशिवाय चौथ्याला हात लावायला ती तयार नाहीत.