सही कोणाची आणि घर कोणाचे?

दर वर्षी ३० नोव्हेंबरला संयुक्त अरब अमिरातींत राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवतात व हुतात्म्यांसाठी मौन पाळतात. २०१५ पासूनचा हा प्रघात. दुबई-अबूधाबीत नोकरीस असलेल्या आपल्या मंडळींना तो दिवस माहीत आहे. पण नेमका हाच दिवस का, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. ती हकीकत आपल्या जमातीने ऐकण्याजोगी आहे. कारण ती सरकारशी पत्रव्यवहार करणाऱ्या पुढाऱ्यांची हकीकत आहे, आणि अशा पुढाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही.

३० नोव्हेंबर १९७१ रोजी, ब्रिटिशांचे संरक्षण संपायला एक दिवस उरला असता, इराणचे सैन्य आखातातील तीन बेटांवर उतरले. अबू मूसा शारजाच्या ताब्यात होते. मोठे व लहान तुंब रास अल-खैमाच्या. मोठ्या तुंबावर सालेम सुहैल खमीस या पोलिसाने निशाण उतरवण्यास नकार दिला व तो मारला गेला. तेथील शे-दीडशे कोळी कुटुंबीयांना बेटावरून हुसकावून रास अल-खैमाच्या किनाऱ्यावर पाठवण्यात आले.

यामागे दीडशे वर्षांचे कागद होते. मुंबईहून गेलेल्या फौजेने १८१९ साली रास अल-खैमा जिंकले आणि १८२० साली शेखांकडून करार लिहून घेतला. पुढची पन्नास वर्षे या किनाऱ्याचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता. १८७३ पासून तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. १८९२ च्या करारात तर असे कलम होते की, शेखांनी ब्रिटिशांवाचून दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी करार किंवा पत्रव्यवहार करू नये. म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, त्याच्याखेरीज कोणाला पत्रसुद्धा लिहायचे नाही! आणि १९६८ साली त्याच ब्रिटिशांनी जाहीर केले की, १९७१ अखेर आम्ही निघतो.

मग इराणचा दावा आणि शेखांचा दावा यांत तडजोड घडवण्यासाठी सर विल्यम ल्यूस यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. शारजाचे शेख खालिद यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये समझोता मान्य केला. त्याची पत्रे लंडनमार्फत आली-गेली. दोन्ही पक्षांनी आपला हक्क सोडलेला नाही असे त्यात लिहिले; अबू मूसाच्या ठरलेल्या भागात इराणी सैन्य यायचे, तेलाचे उत्पन्न निम्मे-निम्मे, आणि शारजाला इराणकडून वर्षाला १५ लाख पौंड. रास अल-खैमाचे शेख सक्र यांनी मात्र सही केली नाही. त्यांची दोन्ही बेटे सरळ बळाने घेतली गेली. ९ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत विषय निघाला आणि पुढे ढकलला गेला. आपले लक्ष तेव्हा बांगलादेशच्या युद्धाकडे होते.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, ‘शेख खालिद शहाणे, अर्धे तरी राखले. शेख सक्र हट्टी, सगळे घालवले.’ दुसरे म्हणतात, ‘सही करणारा विकला गेला.’ आम्हांला दोन्ही मते मान्य नाहीत. सही करणाऱ्याने तरी काय राखले? जानेवारी १९७२ मध्ये पदच्युत माजी शेखाच्या बंडात शेख खालिद मारले गेले. १९९२ साली अबू मूसावर अमिरातींकडून येणारे परदेशी कामगार व शिक्षक इराणने परत पाठवले. त्याच वर्षी अबूधाबीतली बोलणी फिसकटली. बेटे आजही इराणच्याच ताब्यात आहेत. मग दोष कोणाचा? ज्याने रक्षणाचा कागद दिला आणि शेवटच्या दिवशी पाठ फिरवली, त्याचा पहिला. पण एक प्रश्न त्याच्याही पलीकडचा आहे: त्या शे-दीडशे माणसांना कोणी विचारले होते? लंडनने नाही, तेहरानने नाही. ज्यांचे घर, त्यांचे नाव या पत्रव्यवहारात कोठेच नाही.

अमेरिकेतील चेरोकी लोकांची गोष्ट येथे ताडून पाहावी. त्यांचे प्रमुख जॉन रॉस वर्षानुवर्षे वॉशिंग्टनला अर्ज करीत राहिले. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकालही चेरोकींच्या बाजूने लागला. तरी २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटा येथे मूठभर मंडळींनी सर्वांच्या नावे करारावर सह्या केल्या. सरकारने हजारोंचे निषेध-अर्ज बाजूला सारले आणि तोच कागद खरा धरला. सिनेटमध्ये तो एका मताच्या आधिक्याने मंजूर झाला. १८३८ साली सुमारे सोळा हजार लोकांना बंदुकीच्या धाकाने हाकलण्यात आले. त्यांतले सुमारे चार हजार दगावले असे मानतात. सह्या करणाऱ्यांपैकी तिघा प्रमुखांना १८३९ मध्ये त्यांच्याच लोकांनी ठार केले. जमीन गेली ती गेलीच. वर भावाभावांत वैर पेरले गेले.

ही चाल नवी नाही. नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता तेव्हा ईजबेलने अहाब राजाच्या नावाने पत्रे लिहिली आणि त्यांवर राजाची मोहोर केली. मळा घ्यायला निघालेल्या राजाला वाटेत कोणी अडवले, हे मलिद्याचे ताट मांडणाऱ्या कोणाही बेने इस्रायलीस सांगायला नको. एलियाहू हन्नबीने अहाबाला मोहोरेचा जाब विचारला नाही. खुनाचा आणि बळकावल्याचा विचारला.

आणि आपला अनुभव काय? १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी आपल्या लोकांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासण्याचा फतवा काढला. तेव्हा एखाद्या पुढाऱ्याने ‘थोडी तपासणी चालेल’ असे लिहून दिले असते तर प्रकरण तेथेच मिटले असते आणि डाग कायम राहिला असता. पण १९६४ साली साधी माणसे बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ठराव केला की, बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत. मागाहून फतव्यातून आपले नावही गळले. पुढाऱ्यांच्या पत्रांना वजन आले ते पाठीमागे बसलेल्या माणसांमुळे.

आज कोकणात गावोगावी आपल्या दफनभूमी आहेत, जुन्या मशिदी आहेत. राखायला घरे मात्र थोडी. रस्ता येतो, बिल्डर येतो, मोजणी येते, आणि दोघे-तिघे विश्वस्त जमातीच्या नावाने कागदावर सही करून मोकळे होतात. हेतू बहुधा वाईट नसतो. ‘नाहीतरी जाणारच होते, काहीतरी पदरात पाडून घेतले,’ असे ते म्हणतात. न्यू एकोटालाही हेच म्हटले गेले होते.

आमची मागणी साधी आहे. जमातीच्या जागेबद्दल सरकारला वा कोणालाही जे पत्र जाईल, ते आधी शब्बाथच्या नमाजानंतर मशिदीत वाचून दाखवावे. उत्तर आले तर तेही वाचावे. आणि ज्यांचे आईबाप त्या मातीत निजले आहेत त्यांना, मग ते लोदला असोत की दुबईला, कळवून त्यांचे मत घ्यावे. त्यानंतर सही करायची की नाही हे ठरवावे. बलवानापुढे कदाचित तरीही हरू. पण तो कागद आपल्या नावाने आपल्याच विरुद्ध कोणी दाखवू शकणार नाही.