पाणी गाळता, मग निरोप का गाळत नाही?



आपल्या घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पोटात जात नाही. पण मोबाइलवर आलेला निरोप मात्र न गाळताच एका महिला मंडळातून दुसऱ्यात जातो. विचारलं की उत्तर ठरलेलं : "आलं तसं पाठवलं, सगळ्याच पाठवतात." माझं भांडण या उत्तराशी आहे.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप आधीपासून मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. ते निरोप पाठवणाऱ्या कितीतरी आयांनी काळजीपोटीच पाठवले असतील. त्यांनाही वाटलं असेल, सगळ्याच पाठवतात.

आपलं खुलताबादही यातून सुटलेलं नाही. मार्च 2025 मध्ये इथल्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि गावात पोलीस बंदोबस्त लागला. 17 तारखेला दंगल उसळली ती मात्र शेकडो किलोमीटर दूर नागपुरात, पवित्र मजकुराची चादर जाळल्याची अफवा पसरल्यावर.

जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली प्रयोगातून दाखवलं, की मदतीची हाक ऐकणारे जितके जास्त, तितकी एकेकाची उठण्याची शक्यता कमी. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी उठेल. आपल्या मंडळातही तेच होतं. दोनशे जणी वाचतात आणि प्रत्येकीला वाटतं, दुसरीने खात्री केलीच असेल.

पण कर्म असं वाटलं जात नाही. जपमाळेचे मणी 108 का, हे आपण मुलांना शिकवतो : चार कषाय, मन-वचन-काया हे तीन योग, संरंभ-समारंभ-आरंभ या तीन पायऱ्या, आणि कृत, कारित, अनुमोदित हे तीन प्रकार. स्वतः केलं, करवलं किंवा नुसतं 'बरं झालं' म्हटलं, तरी बंध पडतो. मग खोट्या निरोपावर अंगठा उमटवणं अनुमोदना नाही, तर काय आहे?

कुणी म्हणेल, "वडीलधाऱ्या काकींनी पाठवलंय, त्यांना कसं विचारायचं?" नम्रपणे विचारा. विनय म्हणजे मुकेपणा नव्हे. कुणी म्हणेल, "खरं निघालं तर?" मग 112 ला फोन करा. संकटात धावून येणारे पोलीस आहेत, मंडळ नव्हे.

आणि एकटीने विचारून काय होणार, असं समजू नका. 1950 च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी रेघांच्या लांबीचा साधा प्रयोग केला. आधीच पढवलेले सगळे चुकीचं बोलले, की समोर दिसणारं खरं सोडून लोक जवळपास एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागे गेले. पण त्या घोळक्यात एकाने जरी खरं सांगितलं, तरी हे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शावर आलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. राग किंवा भीती वाढवणारा निरोप आला, तर एका सामायिकाएवढा, 48 मिनिटं थांबा. मग मंडळातच लिहा : "हे कुठून आलं? कुणी खात्री केली का?" आणि दुसरीने आधी विचारलं असेल, तर तिला एकटी पाडू नका. लगेच खाली लिहा, "मलाही हेच विचारायचं होतं."