सोवळ्यातले सूर

नवशिक्याने अरेंजर कीबोर्डला हात लावू नये, असे एक मत आमच्या मावळात हल्ली फार जोरात आहे. मांडणारे गृहस्थ जाणते आहेत, म्हणूनच जास्त चीड येते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबल्या की मागे आख्खा ऑर्केस्ट्रा वाजतो, म्हणजे हे खेळणे. त्यावर शिकणारा आळशी होतो, लय मरते, कान बिघडतो. खरेच शिकायचे असेल त्याने पेटी घ्यावी, ऐपत असेल तर अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो. उरलेल्यांनी बहुधा टाळ कुटावेत.

पियानोचे आधी उरकून टाकू. दहा-अकरा किलोंचा तो ऐवज लोकलमधून कामशेतला आणि तिथून पवनेकाठच्या वाडीवर न्यायचा कसा, आणि हरिपाठाला तो वाजवायचा कसा, याबद्दल गृहस्थ गप्प आहेत. आपणही गप्प बसू.

आता पेटी. ती म्हणे परंपरा. या परंपरेचे पेटंट १८४०च्या दशकात पॅरिसला निघाले. पायाने भाता मारायचे ते वाद्य साहेबाच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून इकडे आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात त्याला हाताचा भाता बसला. तोवर भाज्याच्या लेण्यात तबल्यासारखी वाद्यजोडी वाजवणारी बाई कोरली गेल्याला दोन हजार वर्षे होत आली होती. मळवलीला उतरून पाहून यावे. परंपराच काढायची तर मावळच्या दगडात ताल आहे, पेटीचा पत्ता नाही.

बरे, पेटी आली तेव्हा तिचे स्वागत तरी झाले का? मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, साहेबाच्या मापाने कापलेले सूर गवयाचा गळा नासवतात, असा केवढा गदारोळ! १९४० साली नभोवाणीने तिला दाराबाहेर काढले. ते दार किलकिले व्हायला १९७१ उजाडले. मधल्या तीस वर्षांत तिने नाटके तोलली, कीर्तने तोलली, गावोगावची भजने तोलली, आणि शेवटी सोवळे नेसून देवघरात जाऊन बसली. आज कीबोर्डवर तेच आक्षेप, त्याच शब्दांत, पेटीवालेच घेतात. जाच सोसलेली सून सासू झाली की असेच व्हायचे. भैरवातला आंदोलित रिषभ कीबोर्डवर लागत नाही, हे मान्य. पेटीवर कुठे लागतो? उलट काही कीबोर्डांत एकेक सूर सेंटांच्या हिशेबाने उतरवता येतो. पेटीत त्यासाठी पट्टी उचलून पितळी सूर घासत बसावे लागते. त्यात लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढात लाकूड फुगते, पट्टी दाबली की दाबलेलीच राहते, आणि दुरुस्तीला पुणे गाठावे लागते. कीबोर्डलाही ओल मानवत नाही, पण तो बिघडला तर निदान त्याचा कुणी परंपरेचा प्रश्न करत नाही.

लय मरते म्हणे. इथे तर गृहस्थांचे गणितच उलटे आहे. तबलजी माणूस असतो. नवखा अर्धी मात्रा मागे पडला की तो हलकेच थांबतो, समेवर गाठून देतो, आणि नवख्याला कळतही नाही की आपण चुकलो. यंत्राला ही दयामाया नाही. सिंक स्टार्टचे बटण दाबा, दिवा लुकलुकत राहील. डावा हात पडला की केरवा सुरू. अंतऱ्याला जाताना फिलचे बटण दाबायला उजवा हात उचलावा, तर परत येईपर्यंत दोन मात्रा निघून गेलेल्या. ठेका तुमची वाट पाहत नाही. चुकलेले लगेच ऐकू येते, शेजाऱ्यालासुद्धा. शिवाय तबलजी आहे कुठे? तो तळेगावच्या कंपनीत सेकंड शिफ्टला.

तयार ठेक्यातून नवे काही निघत नाही, असाही एक टोला होता. १९८१च्या कॅसिओ एमटी-४० नावाच्या स्वस्त कीबोर्डात एक तयार ‘रॉक’ ठेका होता. १९८५ साली जमैकात त्यावर एक गाणे बेतले गेले आणि तिथल्या रेगे संगीताची चालच बदलली. एवढे पुरे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. भैरवीतल्या अभंगामागे मेजर कॉर्ड घालून गिटार वाजवणारा ऑटो अकम्पनिमेंट ऐकला की कानात बोटे घालावीशी वाटतात. त्यावर उपाय अकम्पनिमेंटच्याच बटणात आहे. ते बंद केले की नुसता ठेका उरतो. गृहस्थांनी ते बटण कधी दाबून पाहिले नसावे.

मग घ्यावे काय? एकसष्ट पट्ट्या, त्याही पूर्ण मापाच्या. बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमीजास्त होणाऱ्या. केरवा, दादरा आत भरलेले. यामाहाचे पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओचे सीटी-एक्स८७०आयएन ही मॉडेले त्यासाठीच निघाली. मागे पेडलचे भोक असावे. सहाशे आवाज की आठशे, यावर पैसे घालवू नयेत. त्यातले सात-आठच वाजतात. जुने मिळाले तर घ्यावे, पण दुकानदाराला वाजवू देऊ नये, आपण एकेक पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहावी. ठेका साठच्या लयीवर ठेवावा. आणि पहिले वर्ष ट्रान्सपोजला हात लावू नये: काळी एक, पांढरी चार, काळी पाच, प्रत्येक पट्टीतला सा बोटांनी शोधावा. या शेवटच्या मुद्द्यावर गृहस्थांचे आणि माझे एकमत आहे. त्यांना हे कळले, तर ते बहुधा आपले मत बदलतील.