'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन उतरवण्याच्या व ताकदीच्या पावडरींबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय : वजन उतरवण्याच्या व ताकदीच्या 'हर्बल' पावडरी आणि गोळ्यांमधील छुप्या औषधांची तपासणी करून त्यांच्या विक्रीस आळा घालणेबाबत.

महोदय,

आम्ही कुडाळ तालुक्यातील रहिवासी आहोत. खाली सह्या करणाऱ्यांत बचत गटांच्या महिला, आशा सेविका, दोन वैद्य, एक निवृत्त शिक्षक आणि पोलीस भरतीची तयारी करणारी अकरा मुले आहेत. हे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण सुरुवात माझ्या घरातून झाली.

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्या बाईंनी माझ्या मोठ्या जाऊबाईंना वजन उतरवण्याच्या पावडरीचा एक डबा विकला. पांढरा डबा, त्यावर हिरवे पान. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यातून एक चमचा घ्यायचा. मागे घटक लिहिले होते : हिरडा, गुग्गुळ, ग्रीन टी, गार्सिनिया. पहिल्या पंधरवड्यातच वजन उतरू लागले. भूक मेली, तोंडाला कोरड पडू लागली, रात्र रात्र झोप लागेना, जिना चढताना छातीत धडधड व्हायची. फोन केला की त्या बाई सांगायच्या, "चरबी वितळतेय, अंगातली घाण बाहेर पडतेय, मध्येच सोडू नका." जाऊबाईंनी सोडली नाही. सातव्या आठवड्यात डोळे पिवळे झाले. गावात काविळीचा पाला देण्यात आठ दिवस गेले आणि मग गोव्याला न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारले, "कसली पावडर वगैरे घेता का?" तोवर हा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता.

घरी आल्यावर मी तो डबा हातात घेऊन नीट पाहिला. परवाना क्रमांक होता, चौदा आकडी, पण तो एका चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला. किटलीच्या वाफेवर धरून ती पट्टी सोडवली, तेव्हा खाली दुसऱ्याच नावाचे, दुसऱ्याच घटकांचे लेबल निघाले. त्या लेबलावर ग्रीन टी नव्हता आणि गार्सिनियाही नव्हता.

पावडर थांबवल्यावर अडीच महिन्यांनी रक्ताचे रिपोर्ट जागेवर आले. कावीळ पावडरीनेच झाली, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. म्हणू शकत नाही, कारण ती पावडर कोणी तपासलीच नाही. आमचे गाऱ्हाणे तेच आहे.

गार्सिनियाबद्दल आम्ही कोकणातल्या माणसांनी थोडे बोललेच पाहिजे. केरळात माशाच्या कालवणात जी कुडमपुळी घालतात, तिच्या वंशाचे हे शास्त्रीय नाव. आमच्या परसातला रातांबा तिचाच भाऊबंद. सोलकढी पिऊन कोणाचे यकृत बिघडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पण त्या फळातले हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल वेगळे काढायचे, त्याचा अर्क करायचा आणि तो दिवसातून तीन वेळा पोटात घालायचा, याला आमसूल खाणे म्हणत नाहीत. शिवाय त्याचा उपयोगही दिसत नाही. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड व्यक्तींवर बारा आठवडे याची चाचणी झाली. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले नाही. ग्रीन टीचेही तसेच. कपातला चहा वेगळा आणि अर्काची गोळी वेगळी. ग्रीन टीमधला ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गोळ्यांमधून पोटात गेल्यास यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले आहे.

मग आमचा साधा प्रश्न असा. या वनस्पतींनी वजन एवढे उतरत नाही, आणि जाऊबाईंचे मात्र सात आठवड्यांत सहा किलो उतरले. ते उतरवले कशाने?

याचे एक संभाव्य उत्तर आपल्या खात्याला आमच्याहून जास्त ठाऊक आहे. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध रक्तदाब व नाडी वाढवते. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढत असल्याचे मोठ्या चाचणीत दिसल्यावर ते २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतले गेले आणि भारताने फेब्रुवारी २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. बंदी औषधाच्या दुकानात पाळली गेली, 'हर्बल' डब्यांमधून मात्र ते फिरतच राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधे सापडलेली ७७६ पूरक उत्पादने नोंदवली. त्यातली ३१७ वजन उतरवण्याची होती आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन होते. तोंडाला कोरड, झोप उडणे, धडधड ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. वर लिहिलेली हकीकत आपण कृपया त्यांच्याशी ताडून पाहावी.

ताकदीच्या पावडरींचे वेगळे, पण तितकेच गंभीर. आमच्याकडची मुले पहाटे पाचला मैदानावर येतात. भरतीत १६०० मीटर धावायचे असते, वेळेनुसार गुण मिळतात. धावण्याआधी घ्यायची 'एनर्जी' पावडर त्यांना पाकिटात सुटी मिळते. पाकिटावर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा दुसऱ्या फेरीत छाती धरून खाली बसला, हात थरथरत होते. तासाभराने सावरला म्हणून बरे. दुकानातल्या कॅफीनयुक्त पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे आणि तशी सूचना बाटलीवर छापावी लागते. त्या सुट्या पाकिटाला कोणतीच मर्यादा नाही. मोठ्या वयाच्या पुरुषांना 'शक्तिवर्धक' म्हणून ज्या कॅप्सूल विकतात, त्यांत सिल्डेनाफिल मिसळल्याचे जगभर सापडले आहे. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसाने ती नकळत घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळतो.

आमच्यापैकी दोघे वैद्य आहेत आणि त्यांनी एक वाक्य आवर्जून लिहायला सांगितले आहे : शास्त्रोक्त औषधाच्या नावाखाली ॲलोपॅथीची गोळी कुटून घालणारा माणूस आयुर्वेदाचा वैरी आहे. हे निवेदन आयुर्वेदाविरुद्ध नाही.

आता आम्ही मागण्यांकडे येतो.

आमची मुख्य मागणी तपासणीची आहे. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० ने ग्राहकाला फी भरून नमुना तपासून घेण्याचा हक्क दिला आहे, पण विकत घेतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. आजारी पडण्याआधी असे कोण सांगेल? म्हणून आपल्या अधिकाऱ्यांनी स्वतः बाजारातून, व्यायामशाळांतून आणि ऑनलाइन मागवून नमुने घ्यावेत. तपासणी ओलावा, जड धातू, जंतू एवढ्यावर न थांबता सिब्युट्रामिन, थायरॉईडची संप्रेरके, स्टेरॉइड, सिल्डेनाफिल आणि कॅफीन यांचा शोध घेणारी असावी. निकाल नाव व बॅच क्रमांकासह मराठीत जाहीर करावेत. अशी औषधे आढळलेला माल याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे परत घ्यायला लावावा.

दुसरी गोष्ट टोलवाटोलवीची. विकताना डबा औषधासारखा विकायचा आणि कोणी विचारले की हे तर अन्न आहे म्हणायचे, हा या धंद्याचा ठरलेला मार्ग आहे. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलतेचे नाव आहे. तिच्यावरच्या उपचाराची जाहिरात करणे गुन्हा आहे, पण तिथे 'आम्ही अन्न विकतो' ही ढाल पुढे येते. अन्न म्हणून पकडावे, तर 'ही आयुर्वेदाची परंपरा आहे' असे उत्तर मिळते. महाराष्ट्रात अन्न आणि औषध या दोन्ही शाखा आपल्याच हाताखाली आहेत. तेव्हा अशा प्रत्येक तक्रारीत अन्न सुरक्षा अधिकारी व औषध निरीक्षक यांनी मिळून एकच पाहणी करावी, एकच पंचनामा करावा, असा लेखी आदेश आपण काढावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. 'महिन्यात दहा किलो' असे भिंतीवर रंगवणाऱ्यांना तो लावावा.

तिसरी मागणी आरोग्य खात्यामार्फत पुढे न्यावी. काविळीचा किंवा विनाकारण धडधडीचा रुग्ण आला की 'कुठली पावडर, काढा, कॅप्सूल घेता का' हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असावा. होय उत्तर आल्यास त्याची नोंद औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे जावी. १८००-१८०-३०२४ हा त्या कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि व्यायामशाळेत लावावा. आशाताईंना त्याचे एका दिवसाचे प्रशिक्षण मिळाले तरी पुष्कळ होईल. गावात बायका मोकळेपणी बोलतात त्या त्यांच्याशीच.

आणि सुट्या, बिननावाच्या पाकिटांची विक्री भरती प्रशिक्षणाच्या मैदानांवर ताबडतोब थांबवावी. यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही.

डबा विकणाऱ्या बाईंना तुरुंगात घाला असे आम्ही म्हणत नाही. त्याही कोणाच्या तरी साखळीतली शेवटची कडी आहेत, आणि तीच पावडर त्या स्वतः घेत होत्या. डबा कुठे भरला गेला, पट्टी कोणी चिकटवली, तिथपर्यंत आपण पोहोचावे.

या निवेदनावर केलेली कार्यवाही तीस दिवसांत लेखी कळवावी ही विनंती. सोबत दोन्ही लेबलांची छायाचित्रे, नावे झाकलेले वैद्यकीय कागद आणि मैदानावरच्या एका रिकाम्या पाकिटाचे छायाचित्र जोडले आहे. डब्यात साधारण चार चमचे पावडर उरली आहे. ती झाकण बंद करून, वर तारीख लिहून, पंचांच्या सह्यांनिशी आमच्याकडे ठेवली आहे. आपले अधिकारी येतील त्या दिवशी त्यांच्या ताब्यात देऊ.

आपले विश्वासू,
कुडाळ तालुक्यातील नागरिक
(सह्या सोबतच्या पानांवर)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग; मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सिंधुदुर्ग.