दुभाषी येण्याआधी

पाळी, बाळी, माळी. हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. ओठ वाचण्यावर आणि बोलायला शिकवण्यावर भर देणाऱ्या कर्णबधिर शाळेत आठवीतल्या मुलीने पाळीविषयी काय समजून घ्यायचे? ऐकणाऱ्या मुलीला आईने काही सांगितले नाही, तरी मावश्यांचे बोलणे आणि मधल्या सुट्टीतली कुजबुज कानावर पडते. अर्धवट, चुकीचेही, पण काहीतरी पोचते. बधिर मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील ऐकणारे असतात. घरात जुळवलेल्या खुणा जेवण, शाळा, झोप, पाहुणे यांच्या पलीकडे क्वचितच जातात. अशा मुलाला मुद्दाम सांगितले तरच कळणार, आणि या विषयावर मुद्दाम सांगायची आपल्याला लाज वाटते. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचे मासिक सुरू केले ते याच महाराष्ट्रात. आणि २००७ साली शाळांमधला किशोरशिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला तोही इथेच. ऐकणाऱ्या मुलांची ही स्थिती असेल, तर बधिर मुलांचा विचार कोणी करायचा?

छापील पुस्तिका वाटून हे काम होत नाही. लहानपणी पूर्ण अशी कोणतीच भाषा हाती न लागल्यामुळे अनेक बधिर मुलांना दहावीपर्यंत पोचल्यावरही मराठी परिच्छेद वाचणे जड जाते. चित्रे मात्र सगळ्यांना दिसतात. हातातल्या मोबाइलवरची अश्लील चित्रफीत समजायला कान लागत नाहीत. मुलगे ती पाहतात. समोरच्याची संमती म्हणजे काय, नकार म्हणजे काय, हे मात्र त्यांना कोणी खुणांनी समजावलेले नसते. या विषयाची चर्चा फक्त मुलींपुरती ठेवणे म्हणूनच मला घातक वाटते.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हा धडा तर जसाच्या तसा उचलून चालतच नाही. बधिर माणसाचे लक्ष वेधायचे तर खांद्यावर थोपटावे लागते. उच्चार शिकवताना शिक्षक मुलाचा हात आपल्या गळ्याला, गालाला लावून कंप जाणवून देतात. स्पर्श हा या मुलांच्या शिक्षणाचाच भाग आहे. त्यातला कोणता कुठे थांबला पाहिजे, हे त्यांना जास्त बारकाईने शिकवावे लागेल. ‘१०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन कर’ ही सूचना त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांना लिखित संदेश किंवा व्हिडिओ कॉल हवा, आणि पलीकडे त्यांच्या खुणा समजणारे माणूस हवे.

अर्जेंटिनात मेंडोसा प्रांतातल्या प्रोव्होलो या बधिर मुलांच्या निवासी शाळेत अनेक मुलांवर लैंगिक अत्याचार झाले. २०१९ साली तिथल्या दोन धर्मगुरूंना चाळीस वर्षांहून अधिक काळाची शिक्षा झाली. त्या शाळेत मुलांना खुणांची भाषा शिकवली जात नव्हती. सांगायचे साधनच हाती नसलेली मुले गुन्हेगाराला सर्वांत सुरक्षित वाटतात.

बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा आपला २०१२ चा पोक्सो कायदा अपंग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद करतो. तरतूद चांगलीच आहे. पण ज्या मुलीला आपल्या अवयवांसाठी एकही खूण माहीत नाही, तिचा जबाब कोणता दुभाषी कशातून उलगडणार? बचावपक्षाचा वकील नेमका इथेच बोट ठेवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने तर प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती अपंग व्यक्तींपर्यंत पोचवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ती शाळेत पार पाडायची नाही, तर कुठे?

साधने अगदीच नाहीत असे नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर गेला, आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांचे खुणांच्या भाषेत रूपांतर करण्याचा करार २०२० मध्ये झाला. अडते ते शिकवणाऱ्या माणसापाशी. ऐकणारी शिक्षिका संकोचून हा धडा गाळते, किंवा दुभाष्याला पुढे करते. मुलांचे प्रश्न मग तिसऱ्या माणसाच्या हातातून जातात आणि विचारलेच जात नाहीत. हेच बधिर बाईने शिकवले तर मुली थेट विचारतात. स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या लग्नात, दवाखान्यात ती हे सगळे सोसून आलेली असते. राज्यातल्या प्रत्येक निवासी कर्णबधिर शाळेत या विषयासाठी प्रशिक्षित अशी किमान एक बधिर स्त्री आणि एक बधिर पुरुष पगारावर नेमले जावेत, मानधनावर नव्हे. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील त्याआधी या नेमणुका व्हाव्यात.