अस्मानी की सुलतानी?

जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेचे पाणी २०८.६६ मीटरवर चढले आणि १९७८ सालचा २०७.४९ मीटरांचा उच्चांक मागे पडला. मयूर विहारलगतच्या खादरात, म्हणजे नदीच्या पूरभूमीत, शेती करून राहणारी कुटुंबे घरदार सोडून रस्त्याच्या कडेला तंबूंत आली. आणि वर इमारतींतून राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या तोंडी एकच शब्द होता : ‘डिझास्टर’.

या शब्दाविषयी आमची तक्रार आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इटालियन-फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘दिस’ म्हणजे प्रतिकूल, ‘आस्त्रो’ म्हणजे तारा. ज्याचे ग्रह फिरले त्याच्यावर कोसळते ते डिझास्टर. आज बोलणाऱ्याच्या मनात तारे नसतात हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोष दूर कोठेतरी ढकलण्याची शब्दाची खोड गेलेली नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधील एडमंड खलपुरुष खरा, पण स्वतःच्या दुर्वर्तनाचे खापर सूर्य-चंद्र-ताऱ्यांवर फोडणाऱ्यांची तो जी टर उडवितो, ती आम्हां सज्जनांसही लागू पडते.

‘आपत्ती’ म्हटल्यानेही सुटका नाही. आपत्ती म्हणजे येऊन पडलेली गोष्ट. ती कोणी आणली हे तो शब्द सांगत नाही. आमच्या शेतकऱ्याची भाषा याहून नेमकी. फारसीच्या वाटेने आलेले दोन शब्द घेऊन त्याने संकटांची वाटणीच करून टाकली : आभाळातून आले ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून आले ते सुलतानी. पाऊस न पडणे ही अस्मानी. पीक बुडालेले असता सारा वसूल करणे ही सुलतानी.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुणे बुडाले. पाऊस अस्मानी होता. अपुऱ्या धरणात त्याच पावसाळ्यात पाणी साठविण्याचा निर्णय आभाळातून आलेला नव्हता. २०२३ चा पाऊसही अस्मानीच; पण आयटीओ बंधाऱ्याच्या ३२ दरवाजांपैकी ५ दरवाजे ऐन पुरात उघडले नाहीत, ते कोणत्या ग्रहामुळे?

सरकारी कागदांत असली भाषा शोभत नाही, असे आमचे काही अधिकारी-मित्र म्हणतील. त्यांनी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उघडून पाहावा. त्यातील व्याख्येत निसर्गाबरोबर मानवनिर्मित कारणे, अपघात आणि हयगय यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कायदा इतके उघड बोलतो. टिपणी लिहिणारे आम्हीच ‘नैसर्गिक आपत्ती’ असे लिहून लेखणी पुसतो. कारण अस्मानीपुढे हात जोडले की भागते. सुलतानी म्हटले की कोणाचे तरी नाव लिहावे लागते, आणि क्वचित ते आपलेच निघते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, पुढचा अहवाल लिहिताना कारणांच्या रकान्यात दोन ओळी आखाव्यात : अस्मानी किती, सुलतानी किती. ज्यास दुसरी ओळ कोरी ठेवावीशी वाटेल, त्याने सही करण्यापूर्वी एकदा खादरापर्यंत पायी जाऊन यावे.